खालचा दीड एकर पांढरा पडलाय, जिप्सम टाकू का?

कृष्णाकाठ (कागवाड तालुका, कर्नाटक):
नमस्कार मंडळी. नदीकडं आमचं चार एकर काळं रान. आजोबांच्या वेळी जोंधळा-हरभरा व्हायचा. लिफ्टचं पाणी आलं नि तेव्हापासून ऊसच. आता खालच्या दीड एकरात उन्हाळ्यात पांढरा थर येतोय, कोंभ उगवतात नि करपतात. खताचा दुकानदार म्हणतो, जिप्सम टाका. कुणाचा अनुभव?

निपाणीकर:
आमच्याकडं तंबाखू, एवढं पाणीच नाही. तरी माती तपासल्याशिवाय पोती उचलू नका.

जुना पाटकरी:
अण्णा, दुकानदाराला थांबायला सांग. रान क्षारपड आहे का चोपण, ते आधी बघ. क्षारपडीत क्षार विरघळणारे असतात, विद्युत वाहकता (ईसी, मातीत मीठ किती त्याचं माप) 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर जाते. ते गोड पाण्यानं धुऊन खाली निघून जायला पाहिजेत, तिथं जिप्समचं काम नाही. चोपणात सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो, सामू (पीएच) 8.5 च्या वर असतो. पाणी मुरत नाही, ओली असताना चिकट, वाळली की ढेकूळ फुटत नाही. तिथं जिप्सम लागतं, पण त्यानं सुटलेला सोडियम वाहून न्यायला निचरा नसेल तर पैसे मातीत. तुझ्या वर्णनावरून मला क्षारपड वाटते. एक फूट आणि दोन फूट खोलीचे वेगवेगळे नमुने कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात दे.

तोवर खालच्या कोपऱ्यात पाच फूट खड्डा घे. चार फुटांच्या आत पाणी लागलं तर रोग तिथंच आहे. वरून पाट भरून पाणी देता, ते खाली साचतं, उन्हानं वर ओढलं जातं, पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं.

इलाज म्हणजे जमिनीखाली जाळी गुंडाळलेले सच्छिद्र पाईप. पण ते पाणी सोडायचं कुठं? नाल्यात. आणि नाला? जमिनीच्या कागदावर नाला, प्रत्यक्षात ऊस! दोन्ही बाजूंनी दरवर्षी एकेक सरी पुढं सरकते. म्हणून एकट्यानं पाईप घालून भागत नाही. पलीकडं महाराष्ट्रात शिरोळला दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी गट करून हे केलंय, जाऊन बघून या.

कृष्णाकाठ:
तात्या, नाल्यात भावकीतल्याचाच ऊस आहे. बोलणं बंद आहे त्यांच्याशी.

जुना पाटकरी:
त्यांच्या रानात पांढरं दिसायला लागलं की बोलतील.

माळावरची:
तोवर वरच्या अडीच एकराला ठिबक करा दादा, खाली उतरणारं पाणी कमी होईल. पाऊस लागला की खालच्या तुकड्यात ढैंचा (हिरवळीचं खत होणारं पीक) पेरून फुलोऱ्याआधी गाडा. ऊस तिथं दोन वर्षं तरी नको. कारखान्याकडची उसाची नोंद गेली म्हणून घरात आरडाओरडा होईल, आमच्याही झाला.

कृष्णाकाठ:
नाल्याचा नकाशा कुठं मिळतो?

जुना पाटकरी:
तालुक्याच्या भूमापन कार्यालयात अर्ज कर. कागद सगळे कन्नडात, वाचणारा माणूस बरोबर ने.