निकोल चंगच्या आत्मकथेत आईची बाजू कुठे आहे?

मधुरा_ठाणे :
'ऑल यू कॅन एव्हर नो' (२०१८) वाचून संपवलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: सिॲटलमधल्या कोरियन जोडप्याला दिवस भरायच्या आतच मुलगी झाली, ती ओरेगनमधल्या गोऱ्या कॅथलिक जोडप्याने दत्तक घेतली. स्वतःला दिवस गेल्यावर निकोलने मध्यस्थामार्फत जन्मदात्यांचा शोध घेतला. थोरल्या बहिणीला घरच्यांनी 'बाळ गेलं' म्हणून सांगितलेलं! बहिणींचं जुळतं तो भाग फारच सुंदर. पण आई थोरलीला मारायची हे कळल्यावर निकोल तिच्याशी नातं जोडत नाही, आणि ती बाई आपल्याला बहुतेक इतरांच्या तोंडूनच कळते. मला हे एकतर्फी वाटलं.

निशिगंध :
इतकी वर्षं त्या घरात मोठ्यांचंच तर चाललं! थोरलीने मार खाल्ला, धाकटीला जिवंतपणी मेलेली ठरवलं. आता दोघी बोलल्या की लगेच आपल्याला आईची अब्रू आठवते.

खवचट_काका :
दोन्हीकडची माणसं हयात असताना लिहावंच कशाला म्हणतो मी.

अनिरुद्ध_सा :
काका, न लिहिल्याने काय होतं ते कोरियात बघा. युद्धानंतर तिथून सुमारे २ लाख मुलं परदेशी दत्तक गेली. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगानेच मान्य केलं, की आईबाप असलेल्या मुलांनाही कागदोपत्री अनाथ दाखवून पाठवलं होतं. खासगीपणाचं कारण असल्या दलालांच्याच पथ्यावर पडतं.

मधुरा_ठाणे :
अहो, निकोल सिॲटलची. तिच्या कागदांत कोरियन सरकार कुठून आलं? आणि आपल्याकडेही २०२२ च्या दत्तक नियमांत मूळ शोधायची मुभा आहेच, फक्त जन्मदात्यांच्या खासगीपणाला धक्का न लावता.

निशिगंध :
फाइल कुणाला दाखवायची ते नियमांनी ठरवावं. स्वतःच्या जन्माची गोष्ट सांगायला कुणाची परवानगी काढायची? आणि बाळ द्यायच्या निर्णयात वडीलही होतेच की. त्यांना निकोल भेटते, समजून घेते. रागवायचंच असेल तर यावर रागवा, बाप इतक्या स्वस्तात सुटला कसा?

मधुरा_ठाणे :
हे मात्र खरं, अभ्यासू, मितभाषी म्हणून त्यांना फार सांभाळून घेतलंय. पण मग मी वेगळं काय म्हणतेय? त्यांना समोर बसून बोलायला मिळालं. तिला नाही.