मदत हवी आहे: पायथन आणि एस्क्यूलाइट, अपसर्टनंतर चुकीचा आयडी मिळतो

पायथनच्या एस्क्यूलाइट३ मॉड्यूलमधून ग्राहकांचा टेबल भरतोय, अपसर्ट वापरून (ओळ नसेल तर घालायची, असेल तर बदलायची). आयडी इंटिजर प्रायमरी की आहे (म्हणजे रोआयडीच, एस्क्यूलाइटचा ओळीचा अंतर्गत क्रमांक), मोबाइल क्रमांक युनिक. मिळालेला आयडी पुढे बिलांच्या टेबलात फॉरेन की (ग्राहकाच्या ओळीकडे बोट दाखवणारा आकडा) म्हणून जातो.

नवीन ग्राहक असला की कर्सरचा लास्टरोआयडी (शेवटी घातलेल्या ओळीचा आयडी) बरोबर येतो. जुना ग्राहक आला आणि 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' चाललं, की त्याच कनेक्शनवर आधी घातलेल्या कुठल्यातरी ओळीचा आयडी हातात पडतो. अपडेटमुळे तो आकडा बदलतच नाही, हे कळलंय. एरर येत नाही, बिल गुपचूप दुसऱ्याच्या नावावर चढतं, हा खरा घोळ.

'इन्सर्ट ऑर रिप्लेस' बाद: जुनी ओळ पुसून नवा आयडी देतं, जुनी बिलं निराधार.

एस्क्यूलाइटची आवृत्ती ३.३५ च्या पुढची आहे, म्हणून 'रिटर्निंग आयडी' (ओळीचा आयडी परत दे) लावून फेचवनने ती एक ओळ वाचली. डू अपडेटमध्ये चालतं. पण नावगाव न बदललेल्या ग्राहकासाठी डू नथिंग (ओळ आधीच असेल तर काही करू नको) हवं, आणि तिथे फेचवन नन (None, म्हणजे काहीच नाही) देतं. निव्वळ आयडीसाठी खोटं अपडेट केलं तर अपडेटचा ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) उगाच उडतो.

एका वेळी ४०,००० ओळी असतात. सगळ्या एकदम चालवणारं एक्झिक्यूटमेनी रिटर्निंगच्या ओळी टाकून देतं. मग आधी सगळं तात्पुरत्या टेबलात ओतून, डू नथिंगनंतर मोबाइलवर जॉइन करून बिलं घालावीत का? की प्रत्येक ननमागे वेगळं सिलेक्ट पुरे? कोणी मोजून पाहिलंय?