मदत हवी आहे : भाच्यासाठी समुद्रकिनारा सुचवा (तातडीचं)

ठाकुर्लीकर
नमस्कार. घाईत लिहितोय. एक संस्था भाच्याला सहल देतेय आणि त्याने समुद्र मागितलाय. सोमवारपर्यंत ठिकाण कळवायचं आहे. गोवा की अलिबाग? की आणखी कुठे? दोन रात्री, खर्च त्यांचा. स्वच्छ, पाण्यात खेळता येईल असा, फार गर्दी नसलेला किनारा हवा. राहण्याची जागा समुद्राला लागून असेल तर उत्तम. कृपया 'गूगल करा' म्हणू नये, ते करून झालंय, सगळीकडे तेच तेच फोटो आहेत. नेमकं सांगा.

फिरस्ता७
दक्षिण गोवा. डोळे झाकून. पाळोळेचा किनारा अर्धचंद्रासारखा आहे, लाटा कमी, मुलांना एकदम मस्त. अलिबागचं पाणी मातकट, त्यात काय खेळणार? कोणी खर्च करतंय तर अलिबाग कशाला, ते तर आपण आपल्या पैशाने पण जातो.

चाकरमानी
संस्था म्हणजे कसली? ऑफिसची सहल आहे का? भाचा केवढा आहे? निघणार कुठून? माणसं किती? यातलं काहीच लिहिलं नाहीत आणि वर 'नेमकं सांगा'.

ठाकुर्लीकर
भाचा ७ वर्षांचा. आजारी मुलांची इच्छा पूर्ण करणारी संस्था आहे. बहीण, मेहुणे, भाचा, त्याच्या दोन बहिणी आणि आमची आई. निघणार दादरहून. आता सांगा.

शेवंती
वाचून डोळे भरून आले. इवल्याशा जिवाची शेवटची इच्छा... देव इतका निष्ठुर का होतो? तुम्ही खचू नका दादा. 🙏

ठाकुर्लीकर
शेवटची वगैरे काही नाही हो. उपचार चालू आहेत आणि चांगले लागू पडलेत. जूनमध्ये दुसरीत बसवायचंय त्याला. असं काही लिहू नका, बहीण पण हा धागा वाचते.

पाऊलवाट
शेवंतीताई, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. मेक अ विश सारख्या संस्था ३ ते १८ वर्षांच्या गंभीर आजारी मुलांसाठी काम करतात. मूल अंतिम टप्प्यात असलंच पाहिजे अशी अट नसते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला सायकल मिळाली होती. आता ती बारावीला आहे आणि सायकलकडे ढुंकून बघत नाही.

बकुळ
लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स म्हणून काम केलंय, म्हणून विचारते. आजार कोणता? केमो चालू आहे का, पुढची कधी? हाताला किंवा छातीला लाईन (औषधाची नळी) आहे का? शेवटच्या सीबीसीत (रक्ताच्या तपासणीत) एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती? हे कळल्याशिवाय किनारा सुचवणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

निसर्गोपचारी
प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस, सकाळी अनशापोटी. गुळवेलही द्या. समुद्राच्या हवेत आयोडीन असतं, त्याने निम्मा आजार पळतो. औषधांचा मारा कमी करा.

बकुळ
निसर्गोपचारी, कृपा करून हे इथे नको. केमो चालू असलेल्या मुलाला डॉक्टरांना न विचारता कुठलाही रस, काढा, चूर्ण द्यायचं नाही. लिव्हरवर आधीच ताण असतो, आणि कच्च्या पानांच्या रसातून जंतू जायची भीती वेगळी. ठाकुर्लीकर, तुमच्या उत्तराची वाट बघतेय.

निसर्गोपचारी
ॲलोपॅथीवाल्यांना हे पटणार नाहीच. माझ्या साडूंना डेंग्यूत फरक पडला होता.

चाकरमानी
डेंग्यू आणि हे एकच का? धागा भरकटवू नका.

ठाकुर्लीकर
एएलएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. उपचार परळच्या हॉस्पिटलात. केमो चालू आहे, पुढची कधी ते बहिणीला विचारून सांगतो. दंडाला नळी आहे, पिक लाईन म्हणतात. त्यावर प्लास्टिक गुंडाळून अंघोळ घालतात, म्हणजे समुद्रात पण चालेल ना? रिपोर्ट संध्याकाळी टाकतो.

बकुळ
नाही, नाही चालणार. आधी लिहिलं असतंत तर फिरस्तांची पाळोळेबद्दल टाईप करायची मेहनत वाचली असती. 🙂

पिक लाईनचं टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. अंघोळीत हात बाहेर धरता येतो आणि पाणी नळाचं असतं. समुद्रात एक लाट उलटी आली की प्लास्टिकच्या आत पाणी आणि वाळू दोन्ही जाणार. पट्टी ओली झाली की ती तिथल्या तिथे बदलावी लागते, आणि ते काम येणारं माणूस किनाऱ्यावर कुठून आणणार? तेव्हा पोहणं, डुंबणं, रिसॉर्टचा तलाव, सगळं बाद. घोट्याएवढ्या पाण्यात मोठ्या माणसाचा हात धरून उभं राहणं आणि वाळूत खेळणं, एवढ्याला डॉक्टर बहुतेक हो म्हणतील. पण हो त्यांनीच म्हणायचं, मी नाही.

दुसरं, तारीख. केमो झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पेशी सगळ्यात खाली जातात. एएनसी ५०० च्या खाली असेल तर समुद्र काय, लोकलसुद्धा नको. पेशी वर आल्या की पुढची केमो सुरू व्हायच्या आधी जी फट मिळते ती पकडायची. संस्थेला पक्की तारीख देऊ नका, रिपोर्टवर ठरेल असं सांगा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसायचं नाही. आधी त्यांच्या वॉर्डला फोन आणि लगेच हॉस्पिटल, कारण अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून सुरू व्हायला हवं. म्हणून माझं मत गोव्याच्या विरोधात. तुमची फाईल परळला आणि मूल पाळोळेला, रात्री दोन वाजता ताप आला तर?

फिरस्ता७
गोव्यात काय हॉस्पिटलं नाहीत? बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे.

बकुळ
आहे आणि चांगलं आहे. पाळोळेहून तिथे रात्री किती वेळात पोचाल ते सांगा.

फिरस्ता७
मग उत्तर गोवा घ्या.

चाकरमानी
हा माणूस गोवा सोडणार नाही. 😄

मुंबईतच का नको? जुहू आहे, गिरगाव चौपाटी आहे. दादरहून गिरगाव टॅक्सीने कितीसं लांब? आणि एक विचारायचं राहिलं, मुंबईत राहून मुलाने समुद्र पाहिला नाही?

ठाकुर्लीकर
ते मुंबईचे नाहीत. जालन्याजवळच्या गावचे, उपचारासाठी आलेत. दादरला धर्मशाळेत राहतात. दादर ते परळ आणि परळ ते दादर एवढीच त्याची मुंबई. एकदा टॅक्सीतून वरळीचा समुद्र दिसला होता म्हणे, पण तेव्हा त्याला उलट्या चालू होत्या.

खाडीकाठ
जुहूचं पाणी मुलाच्या पायालाही लावू नका असं मी म्हणेन. शहराचं सांडपाणी जातं कुठे? आणि मालाडच्या अक्सा किनाऱ्याला तर मुळीच नको, तिथली ओढ धडधाकट पोहणाऱ्याला नेते.

माझं ऐकाल तर अलिबागच्या पुढचं अक्षी नाहीतर नागाव. अक्षीला किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे, सावली मिळते. उतार कमी आहे, पाणी हळूहळू वाढतं. काशीदचे फोटो सुंदर येतात पण तिथे लाट जोरात आपटते, लहान मुलाला नको. नागावला शनिवार-रविवारी बनाना बोटींचा धुमाकूळ असतो, मधल्या वारी जा.

आणि भरती-ओहोटी बघून जा. कालनिर्णय काढा. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्याच्या आगेमागे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, काय उपयोग? चतुर्थी-पंचमीला जा. सकाळी नऊ-पावणेदहाला पाणी मागे गेलेलं, वाळू घट्ट, खळग्यांत पाणी साठलेलं. मूल तिथेच रमतं, लाटेशी संबंधच येत नाही. आमच्या घरात लहान मुलांना असंच नेत आलेत.

बकुळ
खाडीकाठ नाना, हिशोब झकास आहे, पण तारीख रक्ताच्या रिपोर्टवर ठरणार आहे, तिथीवर नाही.

खाडीकाठ
समुद्र तुमचे रिपोर्ट बघत नाही बाई.

बकुळ
आणि एएनसी कालनिर्णय बघत नाही. आधी रिपोर्ट. त्यात चार-पाच दिवसांची फट मिळाली की त्यातला तुमचा दिवस निवडू, कबूल? सावलीचं मात्र नाना बरोबर बोलले. मेथोट्रेक्सेट किंवा सेप्ट्रान ही औषधं चालू असतील तर उन्हाने कातडी लवकर भाजते. ११ ते ४ बाहेर नको. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, पायात जुने कॅनव्हासचे बूट, शिंपल्याने पाय कापायला नको. घोड्यावर बसवू नका. बर्फाचा गोळा, भेळ, कापून ठेवलेली फळं, नीरा हे सगळं बंद. शहाळं त्याच्या समोर फोडून चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

इतिहासवेडा
अक्षीला जातच आहात तर तिथला शिलालेख चुकवू नका. शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा, मराठीतला सगळ्यात जुना लेख मानला जातो. केशिदेवरायाचं नाव आहे त्यात.

पाऊलवाट
त्या शकाच्या वाचनावर वाद आहे, आणि श्रवणबेळगोळच्या शिलालेखातल्या मराठी ओळी विसरलात का?

इतिहासवेडा
श्रवणबेळगोळच्या त्या ओळींच्या काळावरही वाद आहे. वेगळा धागा काढा, येतो मी.

चाकरमानी
सात वर्षांचं पोर शिलालेख वाचणार आहे का? जायचं कसं ते सांगतो. भाऊच्या धक्क्यावरून रोरो. गाडी बोटीत चढवायची, तासाभरात मांडवा, तिथून अलिबाग वीसेक किलोमीटर. अर्धा समुद्र तर त्याला बोटीतूनच दिसेल.

फिरस्ता७
अटल सेतू झाल्यापासून रोरो कशाला? शिवडीला चढा, २१.८ किलोमीटरचा पूल, पलीकडे न्हावाशेवा. पुढे पेण, वडखळ, अलिबाग. शिवडी परळला खेटून आहे.

चाकरमानी
वडखळचा रस्ता केमोवाल्या मुलाला? आधीच त्याला टॅक्सीत उलट्या होतात असं लिहिलंय वर.

बकुळ
दोन्ही बरोबर. जाताना रोरो. पण गाडी स्वतःची सोबत हवीच, कारण रात्री बोट नसते आणि तापाला घड्याळ नसतं. रात्रीचा मार्ग अटल सेतू. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, तिथला फोन आधीच काढून ठेवा. उपचाराची फाईल गाडीत नाही, अंगावरच्या पिशवीत. आणि थर्मामीटर.

ठाकुर्लीकर
रिपोर्ट आला. एएनसी १४००, प्लेटलेट दीड लाखाच्या वर. डॉक्टरांना उद्या विचारणार आहोत. नवीन भानगड अशी की संस्था आई-वडील आणि भावंडांचा खर्च करते, आजीचा नाही. मेहुणे म्हणतात आजीला राहू दे, तेवढ्यात गोव्याचं विमान बसतंय. मुलींना पण विमानच हवंय.

शेवंती
आजीसाठी आपण सगळ्यांनी वर्गणी काढूया का? मी पाचशे द्यायला तयार आहे.

ठाकुर्लीकर
पैसे मागायला धागा काढला नव्हता. आभार, पण नको.

पाऊलवाट
पोराने नक्की काय मागितलं होतं? सगळे किनारे झाले, त्याला कोणी विचारलंय का?

ठाकुर्लीकर
संस्थेच्या बाईंनी विचारलं तेव्हा त्याने लॅबच्या रिपोर्टच्या मागे चित्र काढून दिलं होतं. निळी रेघ, सहा माणसं, आणि आजीच्या हातात बादली. वाळूचा किल्ला करायचाय आणि पाणी आजीनेच आणून द्यायचं. विमान नव्हतं त्यात.

पाऊलवाट
मग आजीशिवाय गोव्याला नेऊन काय करणार? ते चित्र तसंच संस्थेला परत दाखवा. ऐकतील. नाहीच ऐकलं तर अलिबागला एक जास्तीची गादी काही तुम्हाला जड नाही.

खाडीकाठ
अक्षीत घरगुती खोल्या मिळतात. घरची माणसं ताजं, उकळतं जेवण करून देतात, आधी सांगितलं की बिनतिखटाचंही. तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

ठाकुर्लीकर
अपडेट. डॉक्टर हो म्हणाले. एकच रात्र, पाणी घोट्यापर्यंत, नळीचा हात कोरडा, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा सीबीसी. पट्टी बदलून निघायचं. शहाळं चालेल म्हणाले, समोर फोडलेलं. संस्थेच्या बाईंनी चित्र बघून आजीला यादीत घातलं. एक रात्र कमी झाली त्यातून जमवलं. नानांच्या हिशोबाने पंचमी बसतेय. मेहुणे जरा गप्प आहेत, मुली अजून फुरंगटल्यात.

एक शेवटचं. आईला बोट लागते. रोरोत काय करू?

चाकरमानी
मध्यभागी बसवा, नजर लांब क्षितिजावर ठेवायला सांगा. रिकाम्या पोटी नेऊ नका. आलेपाक जवळ ठेवा. मोबाईल बघू देऊ नका.

निसर्गोपचारी
लिंबू हुंगायला द्या. यावर तरी कोणाचं काही म्हणणं नसावं.

बकुळ
नाही. 🙂 पण लिंबू आजीलाच.

फिरस्ता७
विमानात बोट लागत नाही. सहज सांगितलं.

मुखदुर्बळ
खाडीकाठ, त्या अक्षीच्या खोल्यांचा नंबर मलाही व्यनि करा ना. ३१ डिसेंबरला आठ जण आहोत. कुत्रा चालतो का?