इंग्रजी उद्गार: 'अलास' नको, तर मग काय?

कोथरूडकर:
नववीच्या मुलांना केवलप्रयोगी अव्ययांचा तक्ता तोंडपाठ आहे: हुर्रे म्हणजे आनंद, अलास म्हणजे दुःख. मग संवादलेखनात स्वारगेटची बस चुकलेला मुलगा 'अलास!' म्हणतो. त्याच्या तोंडी काय घालावं? आणि उद्गारचिन्ह दर वेळी हवंच का?

सदाशिवपेठी:
अलास आता जुन्या कवितेत, नाहीतर मुद्दाम थट्टेत. बस चुकली तर 'ओह नो!'
तक्त्याची खोड ही की तो एका शब्दाला एकच भावना चिकटवतो. ऊप्स किरकोळ चुकीसाठी: पेन पडलं, भलतंच बटण दाबलं. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चहा सांडून नुसतं ऊप्स म्हणणं उर्मटपणाचं दिसतं. तिथे 'ओह नो' आणि लगेच 'आय ॲम सो सॉरी'. आऊच अचानक कळ आली की. दिवसभर ठणकणाऱ्या दाढेला नाही. टोमणा वर्मी लागला तरी मात्र चालतं. फ्यू म्हणजे आपलं हुश्श. वाव सपाट सुरात म्हटलं की कौतुकाचा टोमणा होतो, आणि हे तक्त्यात कुठेच नसतं.

नळस्टॉप:
चिन्हाचं सोपं आहे. भावना सौम्य असेल तर स्वल्पविराम, आणि पुढचं वाक्य लहान अक्षराने चालू: 'वेल, इट डिपेंड्स.' तीव्र असेल तर उद्गारचिन्ह आणि पुढे कॅपिटल. एका परिच्छेदात चार उद्गारचिन्हं आली तर तीन खोडा.

खराडी_नाइटशिफ्ट:
लिहिण्यापेक्षा फोनवर जास्त घोटाळा होतो. आपलं 'अंहं' म्हणजे नाही. अमेरिकन माणसाचं जवळपास तसंच ऐकू येणारं 'अ-हं' म्हणजे हो! त्याचा नकार 'अ-अ' असा: मधे घसा क्षणभर बंद होतो, पहिला स्वर उंच, दुसरा खाली. मधे 'ह' ऐकू आला तर होकार. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर सरळ 'नो' म्हणा, अंहं नको.
'च्च च्च'चंही तसंच. आपण हळहळ म्हणून करतो. इंग्रजीत तो आवाज बहुतेकदा नापसंतीचा, म्हणजे समोरच्याला वाटतं आपल्यालाच झापलं.

कोथरूडकर:
अंहंचं डोक्यातच आलं नव्हतं. मग तोंडी परीक्षेत मान हलवून 'अंहं' म्हणणाऱ्यांचं काय?

खराडी_नाइटशिफ्ट:
समोर असताना मानेवरून कळतं. कॉलवर मान दिसत नाही.