मदत हवी आहे: ३ फुटी रीफ टाकीचा ओव्हरफ्लो, सम्प आणि उन्हाळ्यातला थंडावा

नमस्कार मंडळी,

गोड्या पाण्याच्या टाक्या मी बरीच वर्षं ठेवतोय. खाऱ्या पाण्याची एकच ठेवली, ६० लीटरची, आणि ती माझ्याच चुकीने गेली. आता मोठी रीफ, म्हणजे प्रवाळांची (कोरलची) टाकी करायचं ठरवलंय. काच कापायला देण्याआधी आराखडा अनुभवी लोकांच्या नजरेखालून जावा म्हणून हा धागा.

आधीची टाकी कशी गेली ते सांगतो, कारण माझे सगळे प्रश्न तिथूनच आलेत. क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, मोजायला मी काट्याचा हायड्रोमीटर वापरायचो, प्लास्टिकच्या डबीत काटा तरंगतो तो. दर आठवड्याला काटा थोडा खाली दिसायचा. सापेक्ष घनता १.०२४, मग १.०२३, मग १.०२२. मला वाटायचं मीठ कमी पडतंय, म्हणून पाणी बदलताना मिश्रण जरा तीव्र करायचो. हॅमर कोरल आधी अर्धंच उघडायला लागलं. मग कडेचं मांस मागे सरकलं आणि सांगाड्याच्या पांढऱ्या धारा उघड्या पडल्या. एका मित्राने त्याचा रिफ्रॅक्टोमीटर आणून बघितलं तर क्षारता हजार भागांत ४१ निघाली, पाहिजे ३५. काट्याची डबी उजेडात धरली तेव्हा काट्यावर चढलेला पांढरा थर दिसला. काटा जड झाला होता, म्हणून खाली बसत होता. कोरल काही वाचलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ते दोन महिने मला दाखवत होतं आणि मी काट्यावर विश्वास ठेवत होतो.

म्हणून या वेळी प्रत्येक वस्तू निवडताना एकच प्रश्न विचारतोय: ही बिघडली आणि मी घरी नसलो, तर आतल्या जिवांचं काय होईल?

टाकी ३ फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट उंच, १२ मिमी काच. काठोकाठ भरली तर २५५ लीटर. उंची मुद्दाम कमी ठेवली आहे, हात तळापर्यंत पोचला पाहिजे. खाली ३० × १८ × १६ इंचांचा सम्प, म्हणजे पंप आणि उपकरणं ठेवायची दुसरी टाकी. वाळू आणि दगड धरूनही एकूण पाणी ३०० लीटरच्या आसपास राहील, आणि सगळं मिळून वजन स्टँड सोडून साडेचारशे किलोच्या घरात जाईल असा माझा हिशोब. ठेवायचं आहे ते फार अवघड नाही: झोआ, मशरूम, एक-दोन हॅमर अशी कोरल, आणि क्लाउनफिशची जोडी. अ‍ॅनिमोन टाकी वर्षभर मुरल्याशिवाय नाही.

आता प्रश्न.

ओव्हरफ्लोसाठी, म्हणजे वरचं पाणी सम्पमध्ये उतरायला, काचेला भोक पाडून घेणार आहे. काठावर टांगायच्या सायफनमध्ये हवा शिरली की पाणी खाली यायचं थांबतं आणि पंप मात्र वर ढकलत राहतो, ते मला नको. दोन पाइपांची हर्बी पद्धत करावी की तीन पाइपांची बीन-अ‍ॅनिमल?

वीज गेली की वरचं पाणी सम्पमध्ये येणार. माझ्या टाकीचं क्षेत्रफळ ६ चौरस फूट, म्हणजे १ इंच पाणी म्हणजे साधारण १४ लीटर. रिटर्नचं (सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या पाइपचं) तोंड पाण्याखाली ५ इंच ठेवलं तर ७० लीटर उलटं खाली येईल. सम्पमध्ये चालू पातळी ९ इंच धरली तर वर ७ इंच मोकळे, त्यात ६२ लीटर मावतात. म्हणजे बाकीचं जमिनीवर. बरेच जण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा म्हणतात. तेवढ्यावर भरवसा ठेवावा का?

बाष्पीभवनाची भर घालायला ऑटो टॉप-अप घेणार. हे वाचणाऱ्या नवीन लोकांसाठी सांगतो, वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याचीच, आणि तीही आरओ-डीआयची (गाळून क्षार काढलेल्या पाण्याची), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार ०. सेन्सर अडकून सगळा साठा एकदम टाकीत गेला तर काय, हीच माझी भीती. साठ्याची टाकी किती लीटरची ठेवावी?

सगळ्यात अडलोय ते उन्हाळ्यावर. खोली ३३ अंशांपर्यंत जाते. चिलर लगेच घ्यावा, की पंखे लावून पहिला उन्हाळा काढून बघावा?

स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) पहिल्या दिवसापासून हवाच का, तेही सांगा. दिव्यांबद्दल फार विचारत नाही. मला हव्या असलेल्या कोरलना १०० ते १५० पार (कोरलना वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो आणि पार मीटर उसना मिळतोय, त्यामुळे एलईडी घेऊन मोजून लावेन.

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

हर्बी करा. मुख्य पाइप पूर्ण सायफनवर, त्याला गेट व्हॉल्व्ह. बॉल व्हॉल्व्ह नको, त्याने बारीक जुळवता येत नाही. दुसरा पाइप आणीबाणीचा, त्यात एरवी नुसती धार जाईल एवढंच पाणी. मुख्य पाइपमध्ये गोगलगाय अडकली की धारेचा आवाज वाढतो आणि तुम्हाला आपोआप कळतं. बीन-अ‍ॅनिमल आणखी सुरक्षित खरी, पण तुमच्या आकाराला मला ती जास्त वाटते.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर अजिबात अवलंबून राहू नका. त्यात शेवाळ किंवा चुना बसला की तो नीट मिटत नाही, आणि ते वीज गेल्यावरच कळतं. सायफन तोडायला तोटीला पाडलेलं हवेचं भोकही असंच बुजतं. रिटर्नचं तोंडच पृष्ठभागाखाली एक इंचावर ठेवा. मग १४ लीटर आणि पाइपांमधलं थोडं, एवढंच खाली येईल. ६२ लीटरच्या मोकळ्या जागेत ते आरामात मावतं.

पण तुमच्या हिशोबातली दुसरी बाजू राहिली. वरचे दोन्ही पाइप तुंबले तर? तेव्हा पंप रिटर्नच्या खान्यातलं (सम्पमध्ये पंप असतो त्या कप्प्यातलं) सगळं पाणी वर चढवतो. ते खानं ८ इंच रुंद केलंत तर ९ इंच पातळीला त्यात २१ लीटर असतात, म्हणजे टाकीत दीड इंच चढणार. चालू पातळी काठाच्या किमान दोन इंच खाली ठेवा. आणि काच कापण्याआधी ओव्हरफ्लोचे दात (पाणी आत जातं त्या खाचा) त्या पातळीनुसार आखून घ्या, नंतर बदलता येत नाहीत.

टॉप-अपचा साठा लहान ठेवा. ३०० लीटरमध्ये १० लीटर एकदम गेले तर क्षारता ३५ वरून ३४ च्या जरा खाली जाते, जीव सोसतात. २५ लीटर गेले तर ३२ च्या आसपास, ते जास्त होतं. आणि रिफ्रॅक्टोमीटर घ्याल तेव्हा तो आरओच्या पाण्यावर नाही, ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. शून्यावर बरोबर दाखवणारा ३५ वर चुकू शकतो.

तुमच्या हॅमरबद्दल वाचून वाईट वाटलं. असाच एक काटा माझ्याकडेही होता.

प्रतिसाद २

थंडाव्याबद्दल लिहितो. १ लीटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोजूल उष्णता घेऊन जातं. ३०० लीटर पाण्याच्या हिशोबाने ती जवळपास २ अंश होते. म्हणून कोरड्या हवेत पंखा खरंच काम करतो. पण हवा दमट झाली की वाफ फारशी होत नाही, आणि पंखा फिरत असूनही पाणी तापत राहतं. तुमच्या प्रश्नाच्या भाषेत सांगायचं तर पंखा न बिघडताही बिघडतो. उन्हाळा कोरडा असेल तर पंखे लावून बघा, नाहीतर चिलर. चिलर कॅबिनेटमध्ये ठेवू नका, त्याची गरम हवा पुन्हा सम्पलाच मिळते.

थंडीसाठी ३०० वॉटचा एक हीटर घेऊ नका, १५० चे दोन घ्या आणि दोन्ही वेगळ्या कंट्रोलरवर टाका. हीटर बिघडला की बरेचदा चालूच अडकतो.

स्किमर पहिल्या महिन्यात नसला तरी चालेल. तेव्हा टाकीत अमोनियाचं चक्र बसत असतं (अमोनिया पचवणारे जिवाणू वाढत असतात), मासे नसतात. पण सम्पमध्ये त्याची जागा आणि पाण्याची ठरावीक खोली आजच आखा. पुढे तो हवाच, कारण सेंद्रिय घाण कुजण्याआधी फेसाबरोबर बाहेर निघते, आणि पाण्यात प्राणवायू मिसळतो तो वेगळाच. उलट नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर नेऊ नका. नव्या टाकीत तपकिरी चिकट डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव) येतात ते बरेचदा अशाच वेळी.

आणखी एक विनंती. झोआ लागलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका. काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, त्याची वाफ माणसाला दवाखान्यात पोचवते. हातमोजे आणि चष्मा जवळ ठेवा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. रिटर्नच्या खान्याचा हिशोब माझ्या डोक्यातच आला नव्हता. ते खानं आता ८ ऐवजी ६ इंचांचं केलं, म्हणजे साधारण १६ लीटर, आणि ओव्हरफ्लोचे दात काठापासून सव्वादोन इंच खाली घेतले. टॉप-अपचा साठा १० लीटर. इथला उन्हाळा पावसाच्या तोंडावर दमट होतो, त्यामुळे चिलरच घेतो आणि दिवे थोडे उशिरा.

मीठ घालण्याआधी आठवडाभर नुसत्या पाण्यावर चालवणार. पंप दिवसातून पाच-सहा वेळा बंद करून सम्पच्या काचेवर पातळीच्या खुणा करेन, मुख्य पाइप मुद्दाम बुजवूनही बघेन.

एक गोष्ट राहिली. चिलरला पाणी देणारा पंप रिटर्नच्या खान्यात ठेवला तर टॉप-अपचा सेन्सर हलत्या पाण्याने फसेल का? की तो स्किमरच्या खान्यात न्यावा?