ज्येष्ठांना कॉम्प्युटरचे भाग शिकवायचेत, सुरुवात कुठून करू?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, साठी-सत्तरीच्या सात-आठ जणांना कॉम्प्युटर शिकवायचं मी अंगावर घेतलंय, आठवड्यातून दोन तास. पहिल्या दिवशी फळ्यावर इनपुट, आउटपुट, प्रोसेसर सगळं रीतसर लिहिलं, त्यांनी वहीत उतरवूनही घेतलं, पण मशीनसमोर बसवलं तर हात लावायला कोणी तयारच नाही. एक काका मॉनिटरचं बटण दाबून "झाला बंद" म्हणत उठले, खाली डबा चालूच. आणि "बिघडलं तर?" हे दर पाच मिनिटांनी. मनापासून शिकवायचंय हो, माझं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १:
ताई, आधी फळा पुसा. एखादं बंद पडलेलं जुनं मशीन मिळवा, वायर काढून टेबलावर ठेवा आणि बाजूचं झाकण त्यांनाच उघडू द्या, स्क्रू पण त्यांनीच काढायचे. मी बाबांना असंच शिकवलं. अख्ख्या डब्याला आपण सीपीयू म्हणतो, पण खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, त्या पंख्याखाली बसलेली साधारण काडेपेटीएवढी चपटी चिप, हे बघून बाबा म्हणाले, "मग एवढ्या मोठ्या डब्यात बाकी काय भरलंय?" तिथून पुढे तेच विचारत गेले, मला फार बोलावंच लागलं नाही. रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती मेमरी) म्हणजे पाटी आणि हार्ड डिस्क (कायमची साठवण) म्हणजे वही, असं सांगा. लाईट गेली की पाटी पुसली, वहीतलं राहिलं, आणि सेव्ह करणं म्हणजे पाटीवरचं वहीत उतरवणं. हे त्या पिढीला एकदा सांगितलं की पुरतं.
फक्त एक, पॉवर सप्लायची जी पत्र्याची पेटी असते ती अजिबात उघडायची नाही, वायर काढली तरी आत काही वेळ करंट साठलेला असतो.

प्रतिसाद २:
डबा उघडणं छानच, पण मी म्हणेन आधी माऊस. आपल्याला त्यात शिकण्यासारखं काही वाटत नाही आणि तिथेच माणसं अडतात. माझी मावशी माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि म्हणाली, "आता जागा संपली, पुढे कसं जाऊ?" माऊस उचलून परत मधे ठेवला तर बाण जागचा हलत नाही हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं! दहा मिनिटं नुसतं उचल-ठेव केलं आणि मग खुलली. डबल क्लिक करताना बोट थरथरतं, दोन क्लिकच्या मधे माऊस सरकतो, मग ते बिचारे स्वतःलाच दोष देतात. त्यांना एकदा क्लिक करून एंटर दाबायला सांगा, काम तेच होतं. सेटिंगमधे डबल क्लिकचा वेग कमी करा, बाण मोठा करा. हे पहिल्याच दिवशी, त्यांनी मागायची वाट बघू नका.

प्रतिसाद ३:
त्यांच्यात कोणी टायपिस्ट होतं का विचारा. आमच्याकडे एक काकू होत्या, कीबोर्डवर हात असा बसलेला की आम्ही बघत राहिलो, पण त्यांचे आकडेच चुकायचे. नंतर कळलं की जुन्या बऱ्याच टाइपरायटरवर १ ची की नसायची, छोटा एल दाबायचे, त्या अजून तेच करत होत्या. त्यांना म्हटलं काकू, शिफ्ट तुमच्याच मशीनवरून आलंय, एफ आणि जे वरच्या उंचवट्यावर बोटं ठेवा, न बघता जमेल. पुढच्या आठवड्यात त्याच बाकीच्यांना शिकवत होत्या.
वायरींचं म्हणाल तर चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात नावं लिहा आणि मशीन बंद करून सगळ्या काढायला लावा, मग त्यांच्याच हातानं परत जोडायच्या. बहुतेक वायरी चुकीच्या खाचेत जातच नाहीत, फक्त जोर लावायचा नाही.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. काल वायरी काढायला लावल्या. मॉनिटर बंद करून उठणाऱ्या काकांनीच सगळ्यात आधी जोडून दाखवल्या, आणि चालू झाल्यावर स्वतःच परत काढायला लागले, म्हणे अजून एकदा. जुनं मशीन शोधतेय, मिळालं की कळवते.