मेथीचं पाणी प्यायलं, पण दाणे कुठे गेले?

रात्रभर भिजवलेल्या मेथीचं पाणी रोज पिऊनही जेवणानंतरची रक्तातली साखर का उतरत नाही? कारण खरं काम करणारा गॅलॅक्टोमॅनन हा बुळबुळीत तंतू बहुतांशी दाण्यातच राहतो. पाण्यात कडवटपणा आणि थोडासाच तंतू उतरतो. हा तंतू फुगून पोटातलं अन्न दाट करतो, जठर सावकाश रिकामं होतं आणि ग्लुकोज रक्तात हळूहळू शिरतं. भूक उशिरा लागते तीही त्यामुळेच.

मात्राही पाहा. चहाचा एक चमचा म्हणजे जेमतेम ४ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९९० मधल्या अभ्यासात तेल काढलेली मेथीपूड रोज १०० ग्रॅम, दोन वेळांत विभागून दिली होती! घरी एवढी अजिबात नको. एका चमच्याने सुरुवात करा, आठवड्याने दोन. एकदम वाढवली की गॅस आणि जुलाब ठरलेले. भिजलेले दाणे नीट चावून खा, किंवा पूड ताकात वा भाकरीच्या पिठात कालवून जेवणासोबतच घ्या. कोरडी पूड तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकू शकते.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांना सांगा आणि ग्लुकोमीटरवर तपासत राहा. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी फोडणीपुरतीच मेथी ठेवावी. घामाला किंवा लघवीला गोडसर वास आला तर तो मेथीतल्या सोटोलोन या सुगंधी घटकाचा असतो, घाबरू नका.